दुखतात बोटं, विचारतात थायरॉइड

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, पोळपाट-लाटणं घेववत नाही म्हणून एक बाई संधिवाताच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर एकेक पेर दाबून बघतात आणि मध्येच विचारतात, ‘‘घरात कुणाला थायरॉइड? कोड? सोरायसिस? एखाद्या लहान मुलाला इन्सुलिन चालू आहे का?’’ बाई चक्रावतात. आईला थायरॉइडची गोळी आहे, मामांच्या हातावर पांढरे डाग आहेत, हे खरं. पण दुखतायत माझी बोटं, त्यात मामा कुठून आले?

मामा आले ते रक्तातून.

हे सगळे आजार एकाच घोळातून होतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशी घरच्याच माणसांवर धावून जातात. सांध्यांवर धावल्या की आमवात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर धावल्या की टाइप-1 मधुमेह. कातडीच्या रंगपेशींवर, तर कोड. आपण डॉक्टर वाटून घेतले अवयवांप्रमाणे: हाडांचे वेगळे, साखरेचे वेगळे, कातडीचे वेगळे. जनुकांना ही वाटणी कुणी सांगितली?

आधी सहाव्या गुणसूत्रावर जाऊ. तिथे एचएलए नावाच्या जनुकांची दाट वस्ती आहे. त्यांच्यापासून बनलेली प्रथिनं पेशीच्या दारात उभी राहून अक्षरशः ओंजळ पुढे करतात. ओंजळीत प्रथिनाचा चिमुकला तुकडा: बघा बुवा, आत हे सापडलं. राखणदारांपैकी एक, टी-पेशी येते, तुकडा चाचपते. घरचा वाटला तर पुढे सरकते, परका वाटला तर बोंब ठोकते. आणि गंमत म्हणजे माणसागणिक या ओंजळीचा आकार बदलतो! डीक्यू-2 नावाच्या ओंजळीत गव्हातल्या ग्लुटेनचे तुकडे चपखल बसतात. गव्हाची पोळी ज्यांच्या आतड्याला सोसत नाही, त्या सीलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांकडे हीच ओंजळ असते. आणि टाइप-1 मधुमेहाचा धोकाही हीच वाढवते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची सीलिअ‍ॅकची तपासणी करतात ती याच नात्यामुळे.

आता पहिल्या गुणसूत्रावर या. इथलं पीटीपीएन22 हे जनुक टी-पेशीचा ब्रेक सांभाळतं. त्याचं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या 807 मण्यांची माळ. काही माणसांत डीएनएचं एक, फक्त एक अक्षर बदलतं आणि 620 वा मणी वेगळा येतो. उरलेले 806 मणी जागच्या जागी! 2004 साली मधुमेहाचे संशोधक टाइप-1च्या मुळाशी जाता जाता या मण्यापाशी पोहोचले. त्याच वर्षी आमवाताचे संशोधकही तिथेच येऊन थडकले. ल्युपस या अशाच आणखी एका आजाराचेही. पुढे थायरॉइड आणि कोडही त्याच रांगेत उभे राहिले. आणि आतड्याचा क्रोन्स आजार? त्याचा धोका हाच मणी चक्क कमी करतो! या मण्यानं ब्रेक सैल होतो की उलट जास्त आवळतो, यावर जाणकार अजून वाद घालतायत.

आणखी एक चमत्कार. हे बदललेलं अक्षर उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळतं, पूर्व आशियात जवळपास नाहीच, आपल्याकडेही विरळा. आमवात मात्र सगळीकडे आहे. म्हणजे त्याच घोळाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत.

पण म्हणून कुणी लगेच जनुकांची पत्रिका मांडायला बसू नये. एकसारख्या जुळ्यांत सगळी अक्षरं सारखीच, तरी एकाला आमवात झाला तर दुसऱ्याला तो शंभरात साधारण पंधरा वेळाच होतो. बाकीच्यांना तीच अक्षरं घेऊनही आमवात होत नाही.

मला सगळ्यात चकित करतं ते एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं टीवायके2. पेशीला बाहेरून आलेला ‘उठा, लढा’ हा निरोप आत पोहोचवणारं हे प्रथिन. त्यातलं एक अक्षर बदललं की निरोप पुसट होतो, आणि सोरायसिस, आमवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा कितीतरी आजारांचा धोका एका फटक्यात उतरतो. इतकं गुणी अक्षर, मग ते सगळ्यांकडे का नाही? उत्तर 2018 साली हाती आलं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हेच अक्षर मिळालं, तर क्षयाच्या जंतूपुढे शरीर दुबळं पडतं आणि क्षयाचा धोका बराच वाढतो. जो आरडाओरडा आपल्याच सांध्यांवर उलटतो, तोच क्षयाला वेशीवर थोपवत असतो!

माणसानंही या अक्षराची नक्कल करायचं ठरवलं. टीवायके2चा आवाज खाली आणणारी सोरायसिसची गोळी 2022 साली अमेरिकेत मंजूर झाली. ती सुरू करण्याआधी मात्र डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात आणि त्याची तपासणीही करून घेतात: ‘‘तुम्हाला कधी टीबी झाला होता का?’’