होडीच्या तळाचा रंग कसा निवडतात?

"होडीचा तळच वेगळ्या रंगाचा का?" असं मुलांनी विचारलं तर सांगा, तो शोभेसाठी नसतो. समुद्रात नांगरून ठेवलेल्या शिडाच्या होडीच्या तळाला शेवाळ, बार्नेकल चिकटतात आणि होडी संथ होते. म्हणून या रंगात बहुधा तांब्याचं संयुग असतं. ते हळूहळू पाण्यात सुटतं. नेहमी फिरणाऱ्या होडीला झिजत जाणारा रंग बरा, शर्यतीच्या होडीला घासता येईल असा कडक. पण ॲल्युमिनियमच्या होडीला तांबं नकोच! खाऱ्या पाण्यात पत्र्याला भोकं पडू शकतात. पूर्वी कथिलाचं ट्रायब्युटिलटिन वापरायचे. त्याने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोसळली. तिथे १९८२ मध्ये छोट्या होड्यांसाठी त्यावर बंदी आली. आंतरराष्ट्रीय करार लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. आणि हो, होडी रोज पाण्याबाहेर काढत असाल तर असल्या रंगाची गरजच नाही.