गाडीच्या टपावरचे पापुद्रे

मुरबाडच्या बाजारात किंवा शहापूरच्या एसटी स्थानकाजवळ उभ्या असलेल्या आठ-दहा वर्षे जुन्या मोटारींकडे जरा निरखून पाहा. दरवाजे बऱ्यापैकी चकचकीत असतात. टप आणि बोनेट मात्र पांढुरके पडलेले, कांद्याची साल सुटावी तसे पापुद्रे निघालेले. गाडी एकच, रंगही एकच, मग असे का? उत्तर डोक्यावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारचे ऊन आडव्या पत्र्यावर सरळ पडते आणि उभ्या दरवाजाला नुसते चाटून जाते.

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो ते तीन-चार थर असतात. पत्र्यालगत गंज रोखणारा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. लॅकरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये घातलेली असतात. ती वर्षागणिक संपत जातात, लॅकर ठिसूळ होतो आणि खालच्या रंगावरची त्याची पकड सुटते. त्यात महामार्गावर डंपरमागून उडणारी खडी, झाडाखाली गाडी लावली की पडणारी पक्ष्यांची विष्ठा आणि चीक यांची भर. विष्ठा आम्लयुक्त असते. तापलेल्या बोनेटवर ती एक दुपार राहिली तरी डाग कायमचा उठू शकतो.

पापुद्रा दिसला की आधी हे ओळखायचे, की सुटले आहे काय. त्या जागेवर पाणी शिंपडा. पांढुरका डाग ओला झाल्यावर रंग पुन्हा गडद दिसला, तर बहुधा फक्त लॅकर गेला आहे. गाडी कुरूप दिसेल, पण पत्रा अजून झाकलेला आहे. मात्र तांबूस ठिपका किंवा रंगाखाली फुगलेला फोड दिसला, तर तो गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूचा चांगला रंगही उचलत पसरतो. वरून नुसता रंगाचा हात मारला तर गंज आत चालूच राहतो आणि फोड पुन्हा वर येतो.

म्हणून गंजाची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची, पुसून कोरडी करायची, प्रायमर लावायचा आणि मगच रंग. रंगाचा क्रमांक बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या खांबावर किंवा बोनेटखाली लिहिलेला असतो. सुटलेला लॅकर मात्र कोणत्याही पॉलिशने परत चिकटत नाही. तो भाग घासून पुन्हा फवारावाच लागतो. तेवढे पैसे हाताशी नसतील, तर निदान सुट्या कडा बारीक वॉटर पेपरने पाणी मारत सपाट कराव्यात आणि वर मेण लावावे. उघडी कड हेच पाण्याचे दार असते. सर्व्हिसिंगवाल्याला पाण्याचा जोराचा फवारा त्या कडेवर मारू देऊ नका.

हे काम मृगाच्या आधी उरकावे, कारण दमट हवेत फवारलेला रंग बिघडतो. द्रावक उडताना पत्रा थंड होतो, त्यावर दव धरते आणि लॅकर दुधाळ होतो. शिवाय दोन डब्यांतले द्रव मिसळून केलेल्या लॅकरमधील हार्डनर ओलाव्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचे बुडबुडे थरात अडकतात.

या हार्डनरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथे प्रश्न गाडीचा राहत नाही. त्यात आयसोसायनेट असतात. भोपाळच्या वायूचेच हे कूळ. तो वायू नव्हे, पण श्वासाला वाईटच. जगभर फवारणी करणाऱ्या कामगारांना दमा होण्याचे हे एक ओळखीचे कारण आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागू शकते. खोकला कित्येकदा काम संपल्यावर, रात्री सुरू होतो; म्हणून कारण लक्षात येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. तेव्हा असा लॅकर घराच्या पडवीत, पोराबाळांत फवारू नये. ते काम बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरणाऱ्या पेंटरकडे द्यावे.

घासतानाची धूळही हलकी समजू नये. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण तो नियम वाहनांच्या रंगांसाठी नाही. जुन्या गाडीचा पिवळा-लाल रंग कोरडा खरवडू नका, ओला घासा. गाळ अंगणात वाहू देऊ नका.

पावसाळ्यात गाडीवर निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधायची आपल्याकडे सवय आहे. तिच्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने ती घासत राहते. छपराखालची मोकळी जागा कधीही बरी. धुण्याची पावडर आणि डिझेलचे बोळे दोन्ही बंद करा. पावडर मेणाचा थर काढते आणि डिझेलवर धूळ बसते. भातलावणीच्या दिवसांत शेतातून आलेल्या गाडीच्या दरवाजांची खालची भोकेही पाहा. चिखलाने ती बुजली, की दरवाजात पाणी साचते आणि पत्रा आतून सडतो. बाहेर पापुद्रा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. एक काडी घालून ती मोकळी करायला दोन मिनिटे लागतात.