घड्याळ चुकले की वाट चुकते

हुबळी-धारवाडच्या ‘चिगरी’ नावाच्या शहर बसगाड्या नियंत्रण कक्षाला पडद्यावर दिसतात, त्या उपग्रहांच्या आधाराने. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह आपापल्या अणुघड्याळाची वेळ पाठवतात. संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. घड्याळ एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाने चुकले, तर अंतर 300 मीटरने चुकते.

हे संकट काल्पनिक नाही. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही परदेशी अणुघड्याळे बंद पडली. त्याच्या जागी जाणारा उपग्रह 31 ऑगस्ट 2017 रोजी उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला. युरोपची ‘गॅलिलिओ’ ही तशीच सेवा जुलै 2019 मध्ये जवळपास आठवडाभर ठप्प होती.

बस तरी चालक डोळ्यांनी चालवतो. खरी काळजी आहे ती मोबाइल मनोरे आणि वीजजाळ्याची, कारण त्यांची वेळही अनेकदा उपग्रहच जुळवतात. स्वदेशी अणुघड्याळ 29 मे 2023 रोजी एनव्हीएस-01 या ‘नाविक’ उपग्रहातून अवकाशात गेले, ही मोठीच कमाई. पण तेवढ्यावर थांबू नये. जमिनीवरून तारेने अचूक वेळ पुरवणारी पर्यायी व्यवस्था प्रत्येक मोठ्या शहरात हवीच.