गाडीचं साल कोणतं?

मैत्रिणींनो, गाडी बनली ते साल आणि मॉडेलचं साल एकच असेल असं नाही. अमेरिकेतली कॉर्व्हेट ही दोनच माणसं बसणारी महागडी स्पोर्ट्स गाडी. तिच्या 1983 च्या मॉडेलच्या 43 गाड्या चाचणीपुरत्या बनल्या, विक्रीला आल्याच नाहीत. त्यातली एकच उरली, ती केंटकीतल्या संग्रहालयात. जानेवारी 1983 पासून ज्या विक्रीसाठी बनू लागल्या, त्यांना नाव मिळालं 1984 चं मॉडेल! आपल्याकडे फसगत होते ती वेगळी. डिसेंबरात बनलेल्या गाडीचं पासिंग जानेवारीत झालं, की विकणारा पासिंगचंच साल सांगतो. वर्षाचा फरक म्हणजे भावातही फरक. म्हणून गटासाठी जुना टेम्पो बघताना आम्ही आरसी बुकातला गाडी बनल्याचा महिना आणि साल आधी वाचतो, मगच भावाचं बोलतो.