चुलीचा धूर आणि धाप

चांदवडच्या आसपासच्या वस्त्यांवरून माझ्याकडे धाप लागलेल्या आजीबाई येतात. विडीला कधी हात लावलेला नसतो. जन्म मात्र चुलीपुढे गेलेला!

थंड देशांत लाकडाच्या बंद शेगडीत प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेली जाळी बसवतात. एरवी सुमारे 600 अंशांना पेटणारा धूर तिच्यामुळे 260 अंशांच्या आसपास जळून जातो. आपल्या उघड्या मातीच्या चुलीला ती जाळी लागू पडत नाही.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातून 1983 पासून निर्धूर चुली आल्या; 2002 मध्ये तो कार्यक्रम थांबला. धुराड्याने धूर जळत नाही, पण निदान घराबाहेर जातो. मात्र ते काजळीने तुंबले, की धूर पुन्हा घरातच. गॅस आला, तरी कित्येक घरी आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. तेव्हा धुराडे छपराच्या वर न्या, काजळी वरचेवर झाडा, लाकडे सुकीच घाला. तान्ह्याला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसू नका.