पिल्लांची दाई : ऊब किती, उजेड किती



पौष तोंडावर आला की गटागटांतून आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते. पिल्लं आता आणायची, की थंडी सरल्यावर? विचारणाऱ्या बायकांचा हिशोब बरोबर असतो. चैत्रात गावोगावच्या यात्रा लागतात, घरोघरी पाहुणे येतात, कोंबड्याला चांगला भाव मिळतो. वनराजा म्हणा, गिरिराज म्हणा, सुधारित जातीचं पिल्लू विकण्याजोगं व्हायला अडीच-तीन महिने घेतं. म्हणजे यात्रेला कोंबडा विकायचा तर पिल्लू पौषातच घरात यायला हवं, आणि नेमकी तीच वर्षातली कडाक्याची थंडी. गटातून कर्ज काढून जिने १०० पिल्लं आणली, तिचा नफा-तोटा यात्रेत नाही, पहिल्या पंधरा रात्रींतच ठरतो. म्हणून आज फक्त त्या पंधरा-वीस दिवसांविषयी बोलू. खाद्याचं आणि विक्रीचं पुन्हा कधी.

आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न नव्हता. खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसायची, पिल्लं निघाली की पंखाखाली घ्यायची. ती काय करते ते नीट पाहिलंय का? पिल्लं बाहेर येतात, दाणे टिपतात, गारठली की पुन्हा आईच्या पोटाखाली शिरतात. आई त्यांना कोंडून ठेवत नाही. ऊब एका जागी असते आणि तिथं जायचं की बाहेर यायचं, हे पिल्लू स्वतः ठरवतं. आपण बल्ब लावून जी दाई करतो तिनं हेच काम करायचं असतं. सगळी खोली भट्टीसारखी तापवायची नसते.

एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. स्वतःच्या अंगची ऊब धरून ठेवणं त्याला जमत नाही. पिसं फुटू लागेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे, ऊब बाहेरून द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. आता पौषातल्या पहाटे आपल्या पडवीत १०-१२ अंश असतं, कुठं त्याहून कमी. मधलं अंतर कोणी भरून काढायचं? बल्बानं.

इथंच अलीकडे घोटाळा होतो. बल्ब म्हटलं की घरात असतो तो एलईडी. २०१५ पासून उजाला योजनेतून स्वस्त एलईडी घरोघरी आले, वीजबिल कमी झालं, चांगलंच झालं. पण एलईडी विजेची बचत करतो याचा अर्थच हा, की तो उष्णता फार कमी टाकतो. जुना तारेचा पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो. घराच्या उजेडासाठी ती उधळपट्टी, पिल्लांसाठी मात्र तीच कमाई. शेजारच्या एका गावात एका ताईंनी ५० पिल्लांवर दोन एलईडी लावले होते. खोलीत उजेड लख्ख, आणि सकाळी एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. गारठलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. ताई म्हणत होत्या, रोग आला. रोग नव्हता, थंडी होती.

तारेचे बल्ब आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. तालुक्याच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात, नाहीतर कुक्कुटपालनाचं सामान विकणाऱ्याकडे. पिल्लांची मागणी नोंदवण्याआधी बल्ब हातात असू द्या. उलट क्रम नको.

किती बल्ब? पिल्लामागे २ वॅट धरा. फार थंडी पडणाऱ्या भागात ३ धरा. १०० पिल्लांना २०० वॅट झाले. १०० वॅटचे दोन लावले तरी चालतात, पण आम्ही ६० चे चार लावायला सांगतो. शंभराचा एक मध्यरात्री उडाला तर निम्मी ऊब गेली, साठाचा उडाला तर पाव. शिवाय चारातला एक बंद करून ऊब कमी करता येते. खर्चाचं विचाराल तर चार बल्ब चोवीस तास चालले की दिवसाला पावणेसहा युनिट वीज जाते. तुमच्या बिलावर युनिटचा दर असतो, तेवढ्यानं गुणा आणि ही रक्कम पिल्लांच्या किमतीतच धरा. अनेक गटांच्या हिशोबात ती नसते आणि मग नफा कागदावर जास्त दिसतो.

आता जागा. कोपरे असलेली खोली पिल्लांना घातक, कारण ढीग कोपऱ्यातच होतो. म्हणून पुठ्ठा किंवा पत्र्याची पट्टी उभी करून गोल कडं करायचं, उंची दीड फूट. १०० पिल्लांना सुरुवातीला पाच-सहा फूट रुंदीचं कडं पुरे होतं. दोन-तीन दिवसांनी ते वाढवत जायचं आणि दुसरा आठवडा सरता सरता काढून टाकायचं. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा लागते, म्हणजे शंभरांना ५० चौरस फूट. एवढी खोली आहे का, हे आधी पाहा.

खाली दोन इंच भाताचा तूस पसरा. तूस नसेल तर शेंगांची टरफलं चालतात. त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर पिल्लं खाद्य समजून तूसच खातात. मात्र चकचकीत गुळगुळीत कागद नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि असं पिल्लू पुढं धड उभं राहत नाही. कागद रोज बदला.

बल्ब कड्याच्या मधोमध, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. त्यावर पत्र्याचं झाकण किंवा मोठं घमेलं उलटं टांगलं तर ऊब वर न जाता खाली राहते. बांबूचं डालगंही चालतं, पण बल्ब त्याला टेकता कामा नये. एक गोष्ट आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो आणि पुन्हा सांगू : बल्ब विजेच्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका. आढ्याला तार किंवा साखळी बांधून त्यावर भार द्या. तापलेला बल्ब तुसात पडला तर पिल्लं जातातच, घरही पेटतं. जोड दिलेल्या ठिकाणी नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, वायरमनला बोलवा.

खिडक्यांना बारदान बांधा, पण वरून वीतभर जागा मोकळी सोडा. वारा पिल्लांच्या अंगावर यायला नको, आणि कोंडलेली हवाही नको. सकाळी खोलीत शिरताच डोळे चुरचुरले, नाकात झणझण आली, तर तूस ओला झालाय आणि हवा खेळत नाहीये. ओल्या तुसातूनच पुढं रक्ती हगवण येते.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच बल्ब लावून ठेवा. तूस तळापासून तापायला वेळ लागतो. वरून कोमट आणि खालून गार अशा तुसावर पिल्लाचे पाय गारठतात.

ऊब बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? थर्मामीटर असेल तर तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, बल्बाच्या झाकणाच्या कडेला धरा. भिंतीवर टांगलेला खोलीचं सांगेल, पिल्लाचं नाही. आणि नसला तरी अडत नाही. पिल्लं सगळी बल्बाखाली घोळका करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय : बल्ब खाली घ्या किंवा एक वाढवा. सगळी कड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापत असतील तर उकडतंय : बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय, फट शोधा. आणि काही खातायत, काही पाणी पितायत, काही पाय पसरून निवांत झोपलीत, असं सगळीकडे विखुरलेलं दिसलं, की तुम्हीही जाऊन झोपा. ही पाहणी दिवसा करून भागत नाही. रात्री दहाला एकदा आणि पहाटे चारला एकदा, कारण खरी थंडी पहाटे पडते.

उजेडाचंही थोडं सांगतो. पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ चोवीस तास उजेड हवा, म्हणजे पिल्लांना दाणापाणी सापडतं. त्यातला एक तास मात्र मुद्दाम अंधार करा, तोही दिवसा उन्हं असताना, दारं-खिडक्या लावून. अंधाराची सवय नसलेली पिल्लं रात्री अचानक वीज गेली की बिथरतात आणि ढीग करतात. पुढं दुपारी ऊन तापत असेल तेव्हा बल्ब बंद ठेवायला हरकत नाही. फार प्रखर उजेडात फार दिवस ठेवलेली पिल्लं एकमेकांना चोची मारायला लागतात, हेही ध्यानात असू द्या.

पिल्लं पोचली की आधी पाणी. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर ती दोन-तीन दिवस तगतात, म्हणून तर उबवणी केंद्रातून इतक्या लांब येऊ शकतात. पण प्रवासात तहानलेली असतात. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवा, प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा आणि मग त्याला बल्बाखाली सोडा. शंभर पिल्लांच्या चोची बुडवायला अर्धा तास लागतो, तो द्या. भांडं उथळ हवं, त्यात चार खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडत नाही. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं तयार खाद्य. भांडी थेट बल्बाखाली नको, कडेला ठेवा. संध्याकाळी आठ-दहा पिल्लांची गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपून पाहा. भरलेली आणि मऊ लागली तर खाणं-पिणं झालंय, रिकामी लागली तर त्या पिल्लांना भांडं सापडलेलं नाही.

वीज जाणारच. तेव्हाचं सामान आधी जवळ ठेवा. तासा-दोन तासांचा प्रश्न असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यांत पंचवीस-पंचवीस पिल्लं ठेवा आणि वर घोंगडं टाका, भोकं उघडी राहतील असं. एकमेकांच्या ऊबेवर ती निभावतात. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवल्या तर आणखी बरं. रात्रभर वीज नसेल तर मडक्यात निखारे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती करा, पण कोळसा बाहेर पेटवून धूर पूर्ण निघून गेल्यावरच मडकं आत आणा, वर भोकांचं झाकण ठेवा, भोवती जाळी लावा आणि खिडकीची वरची फट उघडी ठेवा. निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. आपल्यातल्या काहीजणी राखणीसाठी मुलांना घेऊन पिल्लांच्या खोलीतच झोपतात. निखारे असलेल्या बंद खोलीत माणसानं झोपायचं नाही. पिल्लांची राखण पडवीतून करा.

राखण म्हटली तर मांजर, मुंगूस, घूस आणि साप. खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी बसवा आणि भिंतीतली बिळं आधीच बुजवा. गुळाच्या पाण्याला मुंग्या लागतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसा. मोठ्या कोंबड्या या खोलीत येऊ देऊ नका, त्यांच्या अंगचे रोग पिल्लांना झेपत नाहीत. मानमोडी अर्थात राणीखेतची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात आणि गंबोरोची दोन आठवड्यांच्या सुमारास. पिल्लं घेतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात तारखा ठरवून या.

आता गटाचा विषय. दहाजणींनी दहा-दहा पिल्लं घेतली तर दहा घरी बल्ब लागतात आणि दहा घरी जागरण होतं. दहाच पिल्लं आणि घरात खुडूक कोंबडी असेल तर बल्ब हवाच कशाला? रात्री अंधारात पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवा, बहुतेक वेळा ती पत्करते. पण सगळ्यांकडे एकाच वेळी खुडूक कोंबडी कुठून असणार? म्हणून आमचं मत असं, की पहिले तीन आठवडे शंभर पिल्लं एकाच घरी ठेवावी आणि मग वाटून घ्यावी. त्यासाठी पिल्लं येण्याआधी ठरावाच्या वहीत चार ओळी लिहा : घर कोणाचं, वीजबिलात प्रत्येकीचा वाटा किती, रात्रीच्या पाळ्या कोणाच्या, आणि मेलेली पिल्लं कोणाच्या वाट्याची. शेवटची ओळ लिहायला बायका संकोचतात. तीच सगळ्यात आधी लिहा, आणि मर सगळ्यांनी सारखी वाटून घ्या. नाहीतर ज्या ताईंनी घर दिलं, रात्री जागल्या, त्यांच्याच नावानं बोलणी होतात आणि पुढच्या वर्षी घर द्यायला कोणी तयार होत नाही. मेलेल्या पिल्लांची रोज नोंद ठेवा, आणि ती लांब नेऊन खोल पुरा.

तिसऱ्या आठवड्यानंतर पंखांवर आणि पाठीवर पिसं दिसू लागली की बल्ब एकदम तोडू नका. आधी दिवसा बंद, मग संध्याकाळी उशिरा लावायचा, मग फक्त पहाटे. दोन-तीन रात्री बल्बाविना पिल्लं विखुरलेली झोपली, ढीग केला नाही, की वाटणीचा दिवस ठरवा. तो सकाळचा ठेवा, म्हणजे नव्या घरात पहिली रात्र पडायच्या आत त्यांना दाणा-पाण्याची जागा माहीत होते.