लाकडी जमिनीपूर्वी ओलीची परीक्षा

आपल्या भागातील शेतकऱ्याला ओलीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. रान वाफशावर आल्याशिवाय तो तिफण धरत नाही. आणि सुगी झाल्यावर सोयाबीन बाजारात नेले की प्रथम तपासली जाते ती दाण्यातील ओल. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलीची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. या तीन टक्क्यांचे मोल काय असते, हे लातूर-नांदेडच्या पालकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. मूठभर दाणे हातात घेतले तर कोरडे लागतात. यंत्र मात्र निराळा आकडा दाखवते. सिमेंटच्या जमिनीचेही नेमके असेच आहे.

शाळेच्या नव्या सभागृहात लाकडी जमीन बसवण्याचे ठरले आहे. कवायत, लेझीम, योगासने आणि बॅडमिंटन यांसाठी लाकडाची जमीन उत्तम; ती किंचित लवते, त्यामुळे मुलांच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना हादरे कमी बसतात. या कामासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कमाईतून वर्गणी दिली आहे. साहजिकच अनेकजण विचारतात, “काँक्रीट होऊन दोन महिने झाले, वरून खडखडीत वाळले आहे, मग फळ्या का बसवत नाही?” या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे आणि स्वतःचे घर बांधणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा लेख.

ओल येते कोठून?

पहिला उगम काँक्रीटमध्येच आहे. ५० किलो सिमेंटच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी घातले, तर सिमेंटशी रासायनिक संयोग होऊन त्यातील जेमतेम निम्मे बांधले जाते. उरलेले पाणी सूक्ष्म छिद्रांत राहते आणि हळूहळू बाहेर पडते. शिवाय मजबुतीसाठी आपण सात ते चौदा दिवस त्यावर पाणी मारतो. पाणी मारणे थांबवल्यानंतर दर एक इंच जाडीला सुमारे एक महिना, असा वाळण्याचा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे चार इंचांच्या थराला चार महिने; पावसाळा मध्ये आला तर त्याहूनही अधिक.

दुसरा उगम जमिनीखाली आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत काळी माती विपुल आहे. ही माती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पण वर भेगा दिसत असल्या तरी खोलवर तिची ओल टिकून असते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे हे पाणी माती, विटा आणि काँक्रीट यांच्या बारीक छिद्रांतून वर चढते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे जमिनीत ओल कसली, असे कोणी म्हणेल. परंतु विहीर आटणे आणि पायाखालची माती पूर्ण कोरडी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नांदेडला गोदावरीकाठच्या वस्त्यांत तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. आडात असेल ते पोहऱ्यात येणारच.

जुन्या वाड्यांच्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. लाकडी खांब ते कधी थेट मातीत रोवत नसत. त्याखाली दगडी तळखडा बसवत, म्हणजे ओल लाकडापर्यंत पोहोचत नसे. शेणाने सारवलेली जमीनही आपली ओल सतत हवेत सोडत असे. लाकडी जमीन मात्र काँक्रीटवर झाकणासारखी बसते. वरच्या पृष्ठभागातून उडून जाणारे पाणी अडते, आतली ओल वर सरकते आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला भिडते.

लाकडावर काय परिणाम होतो?

लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओल घेते आणि सोडते. ३० अंश तापमानात हवेची आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के झाली की तो १५-१६ टक्क्यांपर्यंत जातो. किनवटच्या जंगलात वाढणारा साग हा या बाबतीत सर्वांत संयमी लाकडांपैकी एक. तरीही सागाच्या १०० मिलिमीटर रुंद फळीतील ओलावा ८ टक्क्यांनी वाढला, तर ती साधारण दीड मिलिमीटर रुंद होते. दहा मीटर रुंदीच्या सभागृहात अशा शंभर फळ्या बसतात. हिशेब केला तर १५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा फूट वाढ! तेवढी जागा कोठेच नसते. मग फळ्या एकमेकींना रेटतात आणि मधोमध फुगून उचलल्या जातात.

ओल केवळ खालून येत असेल, तर फळीच्या कडा वर येऊन ती पन्हळीसारखी होते. अशा वेळी घाईने घासून ती सपाट केली, तर पुढे लाकूड वाळल्यावर कडा खाली जातात आणि मधला भाग उंच राहतो. एका दोषाचा दुसरा दोष होतो. शिवाय ओलसर लाकडाला वाळवी आणि बुरशी लवकर गाठतात.

परीक्षा कशी करावी?

सर्वांत सोपी परीक्षा प्लास्टिकची. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक कागद जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि किमान १६ तासांनी पाहावे. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर ओल आहे हे निश्चित. मात्र काहीच दिसले नाही, तर ओल नाही असे सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरचा थर वाळतो आणि आतला ओलाच राहतो.

दुसरी परीक्षा कॅल्शियम क्लोराइडची. हा क्षार ओल शोषतो. वजन केलेली त्याची डबी जमिनीवर हवाबंद झाकणाखाली ६० ते ७२ तास ठेवतात आणि वाढलेल्या वजनावरून किती बाष्प निघते ते काढतात. लाकडासाठी साधारण मर्यादा एक हजार चौरस फुटांमागे दिवसाला ३ पौंड, म्हणजे सुमारे १.४ किलो. हीसुद्धा मुख्यतः पृष्ठभागाचीच साक्ष आहे.

तिसरी परीक्षा सर्वांत विश्वासार्ह. एकाच बाजूने वाळणाऱ्या थरात जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडतात, म्हणजे चार इंचांत सुमारे दीड इंच. त्यात नळी बसवून तोंड बंद करतात आणि २४ तासांनी आतील आर्द्रता मोजतात. जमीन झाकल्यावर ओल जशी पसरेल, त्याचा अंदाज या खोलीवर मिळतो. लाकडासाठी बहुधा ७५ टक्के ही वरची मर्यादा धरतात. फळ्यांच्या उत्पादकाने यापेक्षा कमी सांगितली असेल तर तीच मानावी. पहिल्या हजार चौरस फुटांत तीन ठिकाणी आणि पुढील प्रत्येक हजाराला एक, असे मोजमाप घ्यावे. बाहेरच्या भिंती, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी यांच्या जवळची जागा वगळू नये.

फळ्यांचीही परीक्षा हवी. त्या दोन आठवडे सभागृहातच, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात आणि ओलमापक यंत्राने तपासाव्यात. फळ्यांखाली प्लायवूड किंवा लाकडी पट्ट्या असतील, तर दोहोंच्या ओलाव्यात अरुंद फळ्यांसाठी ४ आणि तीन इंच किंवा त्याहून रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांहून अधिक अंतर नसावे.

ओल आढळल्यास

आधी कारण शोधावे. गळका नळ, जोत्यालगत साचणारे पावसाचे पाणी, इमारतीकडे उतरणारा अंगणाचा ढाळ ही नेहमीची कारणे. भिंतीच्या पायथ्याशी फुटलेला पांढरा खार ही त्याची खूण. त्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून, पंखे लावून वाट पाहावी. या काळात जमीन धुऊ नये. ओल थोडीच अधिक असेल, तर इपॉक्सीचा ओलरोधक थर देता येतो. नव्या बांधकामात काळी माती काढून मुरूम भरावा, दगडी सोलिंग करावे आणि काँक्रीटखाली जाड प्लास्टिक अंथरावे. हे त्याच वेळी स्वस्तात होते, नंतर होत नाही. भिंतीलगत १०-१२ मिलिमीटर फट सोडून ती लाकडी पट्टीने झाकावी. मोठ्या सभागृहात ही फट अधिक लागते. आणि ओल हटतच नसेल, तर लाकडाचा हट्ट सोडून शहाबादी फरशी घालावी, त्यात कमीपणा नाही.

आमच्या सभागृहातील मोजमाप अजून मर्यादेच्या वर आहे. म्हणून फळ्या बसवण्याची तारीख आम्ही ठरवलेली नाही. सर्व ठिकाणचे आकडे मर्यादेत आले की ती जाहीर करू. तोपर्यंत सभागृहात सतरंज्या अंथरून कार्यक्रम होतील. वर्गणी देणाऱ्यांनी आणि पालकांनी येऊन मोजमापाची वही अवश्य पाहावी; ती कार्यालयात ठेवली आहे.